बंगाल मांजर: उगम, रूप, स्वभाव आणि पुण्यातील सदनिका

आपल्या पत्राचा मथितार्थ असा, की आपण बाणेरला सातव्या मजल्यावर राहता, आपण उभयता दिवसभर नोकरीनिमित्त बाहेर असता, घरी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी असते, नसबंदी झालेली एक गावठी भाटी आधीपासून घरात आहे, आणि एका विक्रेत्याने आपल्याला ‘एफ-२ बंगाल’ म्हणून सहा आठवड्यांचा बोका देऊ केला आहे. ही जात मुळात आली कोठून, अस्सल असेल तर ती दिसते कशी आणि तिच्यातले रानटी रक्त घरात त्रासदायक ठरेल का, हे आपले प्रश्न. पशुवैद्यक म्हणून पुण्यात मी बरीच वर्षे मांजरांवर उपचार करीत आलो आहे आणि त्यांत बंगाल मांजरेही आता पुष्कळ असतात. त्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो, की हे पिल्लू घेऊ नये. विक्रेता सांगतो ते खरे असेल तर हे मांजर आपल्या घरात सुखाने राहणार नाही, आणि ते खोटे असेल तर आपण एका ठिपकेदार गावठी पिल्लाचे भरमसाट पैसे मोजणार आहात. बंगाल जातीविषयी मात्र माझ्या मनात कोणतीही अढी नाही, आणि म्हणूनच तिची हकीगत थोडी तपशिलाने सांगतो.

या जातीचे एक मूळ आशियातील बिबट-मांजरात आहे. हा प्राणी भारतापासून रशियाच्या अतिपूर्व भागापर्यंत आढळतो आणि आपल्या सह्याद्रीच्या दाट जंगलांतही त्याचा वावर आहे. आकाराने तो घरच्या मांजराएवढाच, पण पाय लांब, डोके लहान, डोळे मोठे आणि अंगावर बिबट्यासारखे ठिपके असा त्याचा बांधा असतो. १७९२ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले तेव्हा बंगाल प्रांतावरून त्याच्या नावात ‘बेंगालेन्सिस’ हा शब्द आला आणि पुढे तोच या पाळीव जातीला चिकटला. बंगालमधील कोणत्याही पाळीव मांजराशी या जातीचा संबंध नाही. तिची घडण अमेरिकेतील कॅलिफोर्नियात झाली.

त्या काळी अमेरिकेत पाळीव प्राण्यांच्या दुकानांत बिबट-मांजरे उघडपणे विकली जात. जीन मिल या महिलेने अशीच एक मादी पाळली होती आणि तिला सोबत म्हणून एक काळा घरगुती बोका तिच्याबरोबर ठेवला होता. या दोन जातींचा संकर होईल असे कोणाच्या ध्यानीमनीही नसताना १९६३ मध्ये पिल्ले झाली आणि त्यांतील किनकिन नावाची मादी जगली. पुढे पतीच्या निधनामुळे मिल यांचे हे काम थांबले. त्यानंतर विलार्ड सेंटरवॉल हे संशोधक मांजरांमधील रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत असणाऱ्या विषाणूचा अभ्यास करण्यासाठी बिबट-मांजर आणि घरगुती मांजर यांचा संकर करीत होते. बिबट-मांजराला त्या विषाणूपासून काही संरक्षण असावे, अशी त्यामागची कल्पना होती. प्रयोग आटोपल्यावर त्या संकरित माद्यांना घर हवे होते, आणि १९८० मध्ये त्यांतील काही मिल यांच्याकडे आल्या. आजची बंगाल जात प्रामुख्याने या दुसऱ्या प्रयत्नातून उभी राहिली. रानटी मांजराचे रूप पाळीव मांजरात मिळाले, तर लोक रानटी मांजरे पाळणार नाहीत आणि त्यांच्या कातडीचे कोट घालणेही त्यांना नकोसे होईल, अशी मिल यांची धारणा होती. ती किती फळली हा वेगळा प्रश्न. आपल्याकडे तरी ठिपक्यांची हौस वाढल्यावर खऱ्या रानमांजरांकडेही वाकडी नजर वळू लागली आहे, त्याविषयी पुढे लिहितो.

या इतिहासातील एक धागा भारतात येतो आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९८२ च्या सुमारास मिल दिल्लीला आल्या असता तेथील प्राणिसंग्रहालयात गेंड्याच्या आवारात राहणारा, नारिंगी अंगाचा आणि गडद ठिपक्यांचा एक भटका बोका त्यांच्या दृष्टीस पडला. तो त्यांनी अमेरिकेला नेला आणि त्याचा आपल्या संकरित माद्यांशी संयोग घडवला. बंगाल मांजराच्या केसांवर उन्हात सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखी जी चकाकी दिसते, ती याच बोक्याकडून आली असे या जातीचे ब्रीडर मानतात. इजिप्शियन माऊ या ठिपकेदार जातीचाही या घडणीत मोठा हात आहे. ‘टिका’ या आंतरराष्ट्रीय मांजर संघटनेने १९८६ मध्ये बंगालला नवी जात म्हणून स्वीकारले आणि १९९१ पासून तिला प्रदर्शनात पूर्ण मान्यता दिली.

आता विक्रेता म्हणतो त्या ‘एफ-२’ कडे वळू. बिबट-मांजर आणि घरगुती मांजर यांचे थेट अपत्य म्हणजे एफ-१. त्यात रानटी वाटा निम्मा. एफ-१ मादीचा संयोग घरगुती किंवा बंगाल बोक्याशी झाला, की एफ-२ होते आणि रानटी वाटा सरासरी २५ टक्क्यांवर येतो. एफ-३ मध्ये तो १२.५ टक्के आणि एफ-४ मध्ये सव्वासहा टक्क्यांच्या आसपास राहतो. दोन्ही प्राण्यांत गुणसूत्रांची संख्या ३८ च असली, तरी त्यांचे समाईक पूर्वज सुमारे ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत, आणि एवढ्या अंतरावरच्या संकराचा परिणाम नरांवर आधी दिसतो: एफ-१ बोके वांझ असतात, एफ-२ आणि एफ-३ मधलेही बहुतेक वांझच निघतात, माद्या मात्र प्रजननक्षम असतात. त्यामुळे ‘याचे आई-बाप दोघेही एफ-१ आहेत’ असे कोणी सांगितले, तर पुढचे बोलणे ऐकत बसण्याचे कारण नाही. एफ-४ पासून पुढच्या, म्हणजे ज्यांच्या वंशावळीत किमान तीन पिढ्या केवळ बंगालचा बंगालशीच संयोग झाला आहे अशा मांजरांनाच प्रदर्शनात प्रवेश मिळतो, आणि घरात पाळण्याजोगी बंगाल मांजरे म्हणजे हीच.

पुण्याच्या बाजारात मात्र याच्या उलट समज रुजला आहे. आकडा जितका लहान, तितके मांजर ‘जास्त अस्सल’ आणि किंमत जास्त. खरे तर एफ-१ किंवा एफ-२ हा दर्जा नसून ती पैदाशीची सुरुवातीची पायरी आहे. जाणकार ब्रीडर ती मांजरे वंश पुढे नेण्यासाठी ठेवतात, आठ वर्षांच्या मुलीच्या हाती देण्यासाठी नव्हे. त्यातही एफ-२ बोका बहुधा वांझ असल्यामुळे पैदाशीलाही निरुपयोगी, मग त्याची जादा किंमत नेमकी कशाची, हे विक्रेत्याला विचारून पाहावे.

शिवाय कायद्याचा भाग आहे. बिबट-मांजर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते पकडणे, बाळगणे, विकणे हे गंभीर गुन्हे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइट्स’ करारानुसार मागील चार पिढ्यांत रानटी पूर्वज असलेला संकरित प्राणीही रानटी प्राण्यासारखाच धरला जातो, म्हणजे खरे एफ-२ पिल्लू परदेशातून आले असेल तर त्यासोबत वन्यजीव परवान्याची कागदपत्रे असलीच पाहिजेत. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात ऊसतोडीच्या हंगामात वाघाटीची, म्हणजे तांबूस ठिपक्यांच्या इवल्याशा रानमांजराची, पिल्ले फडात सापडतात. ती उचलून ‘बंगाल’ म्हणून विकण्याचा मोह एखाद्याला होऊ शकतो. अशी पिल्ले आईपर्यंत परत पोहोचवता येतात आणि ते काम वन विभागाचे आहे. तळहाताएवढे, करड्या-तांबूस रंगाचे, सतत फिस्कारणारे पिल्लू कोणी दाखवल्यास तेथे व्यवहार न करता वन विभागाला कळवावे.

रूपाविषयी लिहिताना आधी ठिपक्यांचे पाहू, कारण फसवणूक तेथेच होते. बंगालच्या अंगावरील नक्षी दोन प्रकारची असते: ठिपक्यांची आणि संगमरवरी लाटांसारखी. ठिपक्यांतही साधा भरीव ठिपका वेगळा आणि ज्याच्या आतला भाग मधल्या छटेचा व कडा गडद असते तो गुलाबपुष्पासारखा, ज्याला ‘रोझेट’ म्हणतात, तो वेगळा. आपल्या पेठांतील वाड्यांमधून आणि भाजी मंडईतून फिरणाऱ्या कितीतरी गावठी मांजरांच्या अंगावर सुरेख भरीव ठिपके असतात, परंतु दोन छटांचे रोझेट त्यांत सहसा आढळत नाहीत. गावठी मांजराचे ठिपके पुष्कळदा वरून खाली, तुटलेल्या पट्ट्यांच्या ओळीत उतरतात, तर बंगालमध्ये नक्षी विस्कळीत किंवा अंगाच्या लांबीच्या दिशेने वाहणारी असावी लागते. पोट फिकट आणि तेथेही ठिपके असणे, शेपूट जाड, टोकाला काळी आणि चालताना खाली झुकलेली असणे, कान लहान व टोकाला गोलसर असणे, नाक रुंद आणि मिशांचा भाग फुगीर असणे, मागचे पाय पुढच्यांपेक्षा किंचित उंच असणे, ही सगळी लक्षणे एकत्र पाहावीत. एकट्या ठिपक्यांवर जाऊ नये. रंगांत तपकिरी-सोनेरी सर्वांत परिचित, रुपेरीही दिसतो, आणि ‘स्नो’ म्हणून ओळखला जाणारा फिकट रंग सयामी व बर्मी मांजरांच्या जनुकांमुळे आला आहे. वजन माद्यांचे साधारण साडेतीन ते साडेपाच किलो आणि बोक्यांचे साडेचार ते सात किलो. ‘दहा-बारा किलोचा होईल’ असे सांगणारा विक्रेता मांजराविषयी सांगत आहे की बिबट्याच्या बछड्याविषयी, हे त्याचे त्यालाच ठाऊक.

सहा आठवड्यांच्या पिल्लात यांतले फारसे काही ओळखताच येत नाही. चौथ्या आठवड्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत बंगालच्या पिल्लांच्या अंगावर करड्या रंगाचे लांब, विरळ केस उगवतात आणि नक्षी धूसर होते. रानात उघड्यावर वाढणाऱ्या पिल्लांना लपण्यासाठी याचा उपयोग होत असावा, असे मानले जाते. म्हणून या वयात पिल्लापेक्षा त्याच्या आईला पाहणे अधिक उपयोगाचे. आई ‘दुसऱ्या गावी’ असेल, तर पिल्लूही तेथेच राहू द्यावे.

या रूपात रानटी रक्ताचा वाटा किती, याचे उत्तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने बऱ्यापैकी दिले आहे. नऊशेहून अधिक बंगाल मांजरांच्या जनुकांचा त्यात विचार केला होता, आणि बिबट-मांजराकडून आलेला भाग सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. अधिक लक्षणीय बाब अशी, की बंगालचे जे देखणेपण आपण रानटी समजतो, त्यातील बहुतेक गोष्टी घरगुती मांजरांत मुळातच असलेल्या जनुकांच्या निवडीतून घडल्या आहेत. केसांवरची ती चकाकीसुद्धा घरगुती मांजराच्याच जनुकातील बदलाने येते. दिल्लीच्या त्या भटक्या बोक्याची गोष्ट आठवली, की याचे फारसे आश्चर्य वाटत नाही. पाठीवर जणू काळी शाल पांघरल्यासारखा दिसणारा ‘चारकोल’ हा प्रकार मात्र याला अपवाद आहे: तेथे बिबट-मांजराचे एक जनुक घरगुती मांजराच्या जनुकाशी नीट जुळत नाही आणि त्या बेबनावातून तो गडद रंग उमटतो. सारांश एवढाच, की मांजर बिबट्यासारखे दिसते म्हणून ते रानटी वागेल असे नाही, आणि रानटी वागते म्हणून ते अस्सल ठरत नाही.

तरीही स्वभावाचा प्रश्न उरतोच, कारण एफ-४ च्या पुढचे, नीट वाढवलेले बंगाल मांजरही पर्शियनच्या सवयीने वाढलेल्या घराला पेलत नाही. पुण्यात मांजर पाळणे म्हणजे पुष्कळांच्या मनात सोफ्यावर लोळणारे पर्शियन मांजर असते. फिनलंडमधील संशोधकांनी मालकांच्या उत्तरांवरून विविध जातींची तुलना केली, तेव्हा बंगाल सर्वांत चळवळी जातींत गणले गेले, आणि माझाही अनुभव तोच आहे. हे मांजर आक्रमक नसते, पण रिकामे बसत नाही. फ्रीजच्या वर, पडद्याच्या दांडीवर, लॉफ्टवर ते पोहोचते; कडीचे हँडल खाली ओढून दार उघडायला शिकते; नळाखाली पंजा धरून खेळते, भरलेल्या बादलीत उतरते; फेकलेला चेंडू परत आणून देते. आवाज मोठा आणि तऱ्हेतऱ्हेचा असतो, आणि पहाटे चार वाजता तो आपल्याबरोबर शेजाऱ्यांनाही ऐकू येतो. माणसांचा लळा त्याला भरपूर लागतो, मात्र मांडीवर घेऊन थोपटणे त्याला बहुधा फार वेळ आवडत नाही. आपल्या मुलीची अपेक्षा नेमकी तीच असेल, तर तिचा हिरमोड होईल आणि कदाचित हातावर ओरखडेही उमटतील.

एफ-१ ते एफ-३ मध्ये चित्र निराळे असते. ही मांजरे बहुधा एका माणसाला धरून राहतात, पाहुणे आले की दिसेनाशी होतात, आणि घाबरल्यास वा माजावर आल्यास घरभर मूत्राचे फवारे मारतात. मातीच्या ट्रेऐवजी पाण्यात किंवा उंच जागी विधी करण्याची त्यांची सवयही अनेक पालकांनी सांगितली आहे. याला शिस्तीचा अभाव समजू नये. बिबट-मांजर एकट्याने राहणारे, रात्री हिंडणारे, माणसापासून दूर पळणारे जनावर आहे, आणि त्याच्या नातवंडांत ते भय उरणारच. गणपतीतील ढोल-ताशे आणि दिवाळीतील फटाके यांनी आपली गावठी मांजरेही पलंगाखाली दडतात. तेथे अशा मांजराची काय अवस्था होईल, याची कल्पना करावी.

पिल्लाचे वय हाही स्वभावाचाच भाग आहे. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसांचा हात, आवाज आणि वास यांची ओळख होते, आणि त्यानंतर बाराव्या आठवड्यापर्यंत आई व भावंडांकडून ते चावण्याची मर्यादा शिकते. सहाव्या आठवड्यात तोडलेले पिल्लू खेळताना कडकडून चावते आणि आपण त्याला ‘रानटी रक्त’ म्हणतो. माझ्याकडे चावऱ्या बंगालच्या ज्या तक्रारी येतात, त्यांतील बऱ्याच मांजरांचे मूळ दुखणे घाईने केलेली ही ताटातूट असते, असे माझे मत झाले आहे.

आपल्या घरापुरते पाहायचे, तर सातवा मजला ही माझी पहिली चिंता. बाल्कनीला कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी बंगाल मांजर कुरतडते किंवा तिच्यावर चढून वरची फट शोधते; तेथे चौकटीत घट्ट बसवलेली स्टीलची जाळीच हवी, आणि स्वयंपाकघराच्या सरकत्या खिडकीसही तीच. दुसरी चिंता रिकाम्या दिवसाची. सासूबाईंनी दिवसभर त्याच्यामागे धावावे अशी अपेक्षा करता येणार नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास खेळणारा मोठा माणूस आणि भिंतीवर चढण्यास फळ्या घरात नसतील, तर ते आपला खेळ आपणच शोधते, आणि तो बहुधा आधीच्या भाटीच्या पाठीवर उडी घेण्याचा असतो. आहार मांसाहारीच लागतो. दूध-पोळीवर किंवा दूध-भातावर कोणतेच मांजर नीट वाढत नाही, हे तर अगदी उघड आहे. ‘बंगालची ॲलर्जी होत नाही’ हाही प्रचार खरा नव्हे. केस कमी गळतात, पण ॲलर्जी करणारे प्रथिन लाळेत असते आणि ते याच्याही लाळेत असते.

या जातीत काही आनुवंशिक आजार आढळतात. लाल पेशी अकाली मोडून पांडुरोग करणारी ‘पायरुव्हेट कायनेज’ या विकराची कमतरता आणि लहान वयातच दृष्टी घालवणारा डोळ्यातील पडद्याचा ऱ्हास, या दोन्हींसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत; पिल्लाच्या आई-वडिलांचे अहवाल मागावेत. हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारासाठी मात्र बंगालकरिता खात्रीची जनुकीय चाचणी नाही, तेथे पैदाशीच्या मांजरांची सोनोग्राफी वेळोवेळी करावी लागते. हे अहवाल दाखवू शकणारा ब्रीडर आपल्याकडे विरळा, पण जो दाखवतो त्याच्याकडे थांबावे. एवढे सर्व पाहूनही आपणास बंगालच हवे असेल, तर एफ-५ किंवा त्यापुढचे, किमान बारा आठवड्यांचे पिल्लू, किंवा त्याहून बरे म्हणजे कोणी नाइलाजाने सोडू पाहत असलेले दोन-तीन वर्षांचे, नसबंदी झालेले मांजर घ्यावे. त्याचा स्वभाव काय आहे हे अनुमानाने ठरवावे लागत नाही, दोन भेटींत ते समजते.

आपल्या भाटीसोबत नवे मांजर कसे ठेवावे, असेही आपण शेवटी विचारले आहे. नवे मांजर कोणत्याही जातीचे असो, पहिले दोन आठवडे ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या ट्रेवर ठेवावे, आणि दरम्यान दोघांची अंथरुणे अदलाबदल करून एकमेकांच्या वासाची सवय लावावी. बंगालच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. अनेक मांजरे एकत्र असलेल्या पैदास केंद्रांतून आलेल्या पिल्लांत ‘ट्रायट्रायकोमोनास’ या आतड्यातील परजीवीचा संसर्ग वारंवार दिसतो. दुर्गंधीयुक्त, पातळ, कधी रक्तमिश्रित जुलाब आठवडेच्या आठवडे चालतात, नेहमीच्या जंताच्या औषधाने ते थांबत नाहीत, आणि ट्रे सामाईक असल्यास तो संसर्ग आपल्या भाटीलाही होतो. साध्या तपासणीत हा परजीवी पुष्कळदा निसटतो, म्हणून विष्ठेची पीसीआर चाचणी सांगावी. तिचा अहवाल स्वच्छ आल्यावर, आणि भाटीच्या ट्रायकॅट (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्रित लस) व रेबीजच्या लसी वेळेवर झाल्या असल्याची खात्री करूनच मधले दार उघडावे. त्यानंतरही मांजरे दोन असल्यास ट्रे तीन ठेवावेत आणि त्यांतील एक भाटीच्या नेहमीच्या जागेवरून हलवू नये.